नापास धोट्याचे आभार

आमच्या तात्यांना आभार मानायची खोड होती. बसच्या कंडक्टरचे मानायचे, दवाखान्यातल्या कंपाउंडरचे मानायचे, तांदळात खडे घालून देणाऱ्या रेशनवाल्याचेही मानायचे. मी लहानपणापासून तिरसट. जे आपल्या हक्काचं आहे ते मिळालं तर आभार कसले मानायचे, असं मी त्यांना तोंडावर विचारायचे. ते म्हणायचे, "बकुळे, हक्काचं सगळ्यांचंच असतं गं. हातात आणून देणारा एखादाच भेटतो." त्यांचं हे म्हणणं मला अजूनही पुरतं पटलेलं नाही. पण त्यांनी मानलेले एक आभार मात्र मला पटतात, इतके की आता ते गेल्यावर त्यांच्या वतीनं मीच मानते.

तात्या म्हणजे बुधाजी मर्चंडे. मूळ रत्नागिरीकडचे, राहायला चिंचपोकळीच्या चाळीत आणि नोकरीला परळच्या एका टेक्निकल कॉलेजात शिपाई. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती ती वर्षं. बाहेर रस्त्यावर मोर्चे निघत होते आणि आत कॉलेजात संशोधनाची साथ आली होती. जो तो काही ना काही शोधत होता. रसायनवाले चिंचोक्यापासून सुताला लावायची खळ शिजवत होते. तेलवाले मुशी माशाच्या तेलाचा साबण करत होते. बांधकामवाले गिरणीच्या बॉयलरमधल्या राखेच्या विटा पाडत होते, रंगवाले डाळिंबाच्या साली उकळत होते, आणि एक प्राध्यापक तर कमी धुराच्या शेगडीच्या मागे असे लागले होते की त्यांच्या भुवया जळून गेल्या होत्या. या सगळ्यांची भांडी घासणं, सामान उचलणं आणि शोध लागला की तो घरी नेऊन वापरून बघणं ही तात्यांची कामं.

हे शेवटचं काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पण साहेबलोक विचारायचे, "बुधाजी, घरी वापरून बघतोस का?" आणि तात्या आभार मानून ती वस्तू घेऊन यायचे. भोग आमच्या वाट्याला. मुशीच्या साबणानं आईनं चादर धुतली तेव्हा चाळीतल्या यच्चयावत मांजरी आमच्या दारात येऊन बसल्या. डाळिंबाच्या रंगातलं माझं परकर-पोलकं पहिल्याच धुण्यात इतकं गळालं की शेजारच्या शेवंतीमावशींचं पातळ पिवळं झालं, आणि त्या आईशी महिनाभर बोलल्या नाहीत. शेगडीला धूर खरोखरच कमी होता, कारण ती पेटतच नव्हती. राखेची वीट मात्र पक्की निघाली. आमचं पाण्याचं पिंप कितीतरी वर्षं त्या विटांवर उभं होतं.

मी पुढे त्याच कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले. त्या वर्षांचे छापील वार्षिक अहवाल तिथे फडताळात आहेत. खळीला त्यात कितीतरी पानं दिली आहेत, विटेला फोटोसकट पान आहे, साबणालाही बरीच जागा आहे. धोट्याला दोन ओळी. त्यातली दुसरी ओळ प्रयोग फसला एवढंच सांगते. मी आभार मानते ते त्या धोट्याचे.

धोटा म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या ताण्यातून आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो लाकडी धोटा. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की साचा थांबतो. मग धोटा बाहेर काढायचा, नवी कांडी बसवायची, आणि धोट्याच्या टोकाजवळ जे बारीक भोक असतं त्याला ओठ लावून श्वास आत ओढायचा. सूत भोकातून तोंडात येतं. ते धरून धोटा परत साच्यात टाकायचा. गिरणीतला प्रत्येक विणकर दिवसभर हेच करत असे. आणि शेजाऱ्याचा हात अडकलेला असेल तर त्याचाही धोटा ओढून देत असे, पाळी बदलली की दुसरा माणूस तोच धोटा तोंडाला लावत असे.

म्हणूनच साचेखात्यात आमच्या लोकांना जागा नव्हती. आम्ही सूतकताईच्या खात्यात चालत होतो, झाडलोटीला चालत होतो, साच्यावर चालत नव्हतो. एका तोंडाचं दुसऱ्या तोंडाला लागेल ना! कायदा झाला होता, अस्पृश्यता गुन्हा ठरली होती, आम्ही तर बुद्धाला शरण जाऊन तो जुना शिक्काच पुसून टाकला होता. गिरणीत कुठे काही लिहिलेलं नव्हतं आणि कुणी काही बोलतही नव्हतं. फक्त आमचा माणूस साचेखात्याच्या जॉबरकडे, म्हणजे कामावर माणसं भरणाऱ्या मुकादमाकडे, गेला की जागा भरलेली असायची.

तात्यांचे वडील अशाच एका साचेखात्यात झाडू मारायचे. पोरपणी त्यांचा डबा घेऊन तात्या दारापर्यंत जात आणि तिथून ते साचे बघत. शेकडो साचे एकदम चालताना जो आवाज होतो त्यानं माणसं बहिरी होतात. तात्यांना तो आवाज आवडला. आपण एक दिवस साच्यावर उभं राहायचं आणि आपल्या हातानं कापड विणायचं, एवढी एकच हौस त्या माणसानं आयुष्यात बाळगली. घर मोठं हवं, गावी जमीन हवी, असलं काही त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. आई म्हणायची, "यांना रात्री झोपेतबी साचा दिसतो."

कॉलेजात विणकामाचे चिंतामणी सर होते. गिरगावातले, सोवळ्याओवळ्याच्या घरातले, पण डोक्यात साच्याशिवाय दुसरं काही नाही असा माणूस. विणकरांच्या छातीत कापसाची धूळ आणि तेल जातं, एकाचा क्षय दुसऱ्याला होतो, या विचारानं ते अस्वस्थ असायचे. त्यांनी एक नवा धोटा केला. त्याच्या कडेला तिरकी खाच होती. सूत बोटानं खाचेत सरकवलं की काम झालं, तोंड लावायचं कारणच नाही. तो धोटा दिवसभर चालवून पाहायला त्यांना माणूस हवा होता. विद्यार्थी तासभर उभे राहून कंटाळायचे. सरांनी तात्यांना बोलावलं.

तात्यांनी धोटा हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "सर, म्हणजे ह्यो कुणीबी लावू शकेल?"

"कुणीही. सोपा आहे."

"तसं नव्हं. कुणीबी?"

सरांनी म्हणे चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हळूच म्हणाले, "बुधाजी, माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं रे." तात्या ही गोष्ट सांगताना सरांचं फार कौतुक करायचे. मला मात्र वाटायचं, परळच्या गिरण्यांच्या मधोमध बसून लक्षात येत नाही म्हणजे कमालच झाली. पण एक खरं, त्या दिवसानंतर सर त्या धोट्याच्या मागे जिवावर उदार होऊन लागले.

कॉलेजच्या शेडमध्ये तात्या साचा शिकले. नव्या-जुन्याची तुलना करायची म्हणून एका साच्यावर नवा धोटा आणि दुसऱ्यावर जुना, दोन्ही तेच चालवायचे. जुन्याला अर्थातच तोंड लावावं लागे. थोड्याच दिवसांत त्या जुन्या धोट्यावर कुणीतरी लाल रंगाचा ठिपका लावला, म्हणजे चुकून विद्यार्थ्यांनी तो वापरू नये. सरांना वाटलं ती प्रयोगाची खूण आहे. तात्यांना ठिपक्याचा अर्थ कळला, तरी ते साचा चालवत राहिले. मी असते तर तो धोटा कुणाच्या तरी टाळक्यात घातला असता.

याच काळात तात्यांची रामू परबांशी ओळख झाली. रामभाऊ परब मालवणचे, काळाचौकीला राहणारे आणि तिथल्याच एका गिरणीत साचेखात्याचे जॉबर. छप्पन सालच्या जानेवारीत लालबागला अश्रुधूर सोडला तेव्हा दोघं एकाच जिन्याखाली लपले होते. रामभाऊंनी आपला ओला पंचा डोळ्यांवर धरला, मग तोच तात्यांना दिला. पुढे सभांना, मोर्च्यांना दोघं बरोबर जायचे. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून दोघांचे घसे एकदमच बसायचे. पण साचेखात्याचा विषय तात्यांनी काढला की रामभाऊ मान खाजवायचे. "माझा काय नाय रे बुधाजी, पण लाइनीतली माणसा..." एवढंच म्हणायचे. मोर्च्यात खांद्याला खांदा चालत होता, खात्यात चालत नव्हता. चळवळीवर माझा जीव होता, म्हणून तर या गोष्टीची जास्त चीड येते.

शेवटी अठ्ठावन्न साली सरांनी त्या गिरणीच्या मॅनेजरला कॉलेजात धोटा बघायला बोलावलं. गिरणीनं धोटा घेतला तर तो चालवायला बुधाजीला घ्यायचं, अशी अट सरांनी आधीच घातली होती, आणि मॅनेजर हो म्हणाला होता. आदल्या दिवशी तात्यांनी सदरा इस्त्रीला दिला. आईनं गोड केलं नाही. म्हणाली, "आधी साचा, मग शिरा."

मॅनेजर आला, बरोबर रामभाऊ आले. रामभाऊंना गिरणीत दुपारची पाळी होती, म्हणून घाईत होते. विद्यार्थी भिंतीला लागून उभे. तात्यांनी दोन्ही साचे सुरू केले. नवा धोटा सुरुवातीला छान चालला. मग खाचेत सूत अडकून तुटलं. तात्यांनी लावलं, पुन्हा तुटलं. सर पुढे झाले, तात्या खाली वाकून खाच बघू लागले आणि त्याच वेळी बाजूच्या साच्यावरच्या जुन्या धोट्याची कांडी संपली. साचा थांबला.

थांबलेला साचा जॉबरला बघवत नाही. रामभाऊ पुढे झाले, धोटा काढला, कांडी बदलली, धोटा तोंडाला लावून सुर्रकन सूत ओढलं आणि साच्यात टाकला. सगळं एका दमात, इकडे मॅनेजरशी बोलता बोलता. त्यांना आपण काय केलं याचा पत्ताच नव्हता. तीस वर्षांच्या सवयीनं हातांनी आणि ओठांनी परस्पर केलं.

दगडू नावाचा दुसरा शिपाई पुटपुटला, "रामभाऊ, त्यो बुधाजीचा धोटा."

रामभाऊंचा हात हँडलवर तसाच राहिला. त्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्या खालूनच वर पाहत होते. ते मला सांगायचे, "तेव्हा मला त्या नव्या धोट्याची काय पडली नव्हती बकुळे. म्हटलं, हा माणूस आता थुंकला तर मी परत त्याच्यासंगं मोर्च्याला जाणार नाय."

रामभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. जीभ ओठांवरून फिरवली, जणू खरंच काही वेगळं लागतंय का बघत होते. मग म्हणाले, "तेलाची चव लागता. आनी काय लागतला?" आणि हँडल ओढलं.

प्रयोग मात्र पडला. बारीक सूत खाचेत तुटतं, ही खोट सरांना तेव्हा काढता आली नाही. मॅनेजर निरोप घेऊन गेला आणि आठवड्याभरात गिरणीचा नकार आला. धोटा नाही म्हणजे बुधाजीही नाही. सर तात्यांना म्हणाले, "मी तुझं नुकसान केलं." तात्या म्हणाले, "तुम्ही साचा शिकवलात सर. कुणी शिकवला असता?" आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. आभार मानणारा माणूस आतून कसा मोडतो ते मी त्या दिवशी पाहिलं. आई त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

त्यानंतरच्या रविवारी रामभाऊ परब आमच्या चाळीत आले. पहिल्यांदाच आले होते. उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "बुधाजी, सोमवारी ये. साच्यावर बदली कामगार म्हणान घालतंय तुका."

"आणि धोटा?"

"धोटो जुनोच. चोखूक येता मा?"

आत खात्यात काय झालं ते मला रामभाऊंनीच फार पुढे सांगितलं. त्यांनी बुधाजीचं नाव काढताच लाइनीतली माणसं उसळली. गंगाधर नावाचे एक जुने विणकर सगळ्यांत पुढे. आम्ही त्याच्या तोंडचा धोटा लावणार नाही, साचे बंद ठेवू, असं म्हणाले. रामभाऊंनी सगळ्यांना बोलू दिलं. मग विचारलं, "कॉलेजात मी बुधाजीचो धोटो ओढलंय, त्या दिवशी थयसून मी खंय गेलंय?"

रामभाऊंनीच उत्तर दिलं.

"दुपारच्या पाळीक हयच इलंय मा? गंगाधर, तुझी कांडी संपलेली, तू ताणे जोडीत होतंस. तुझो धोटो कोणी ओढलो?"

गंगाधरांनी हातातला धोटा खाली ठेवला.

"मी ओढलंय. तुझो ओढलंय, त्याचो ओढलंय, आख्ख्या लाइनीत ज्याचो हात अडकलो त्याचो ओढलंय. आणि तुम्ही एकमेकांचे ओढलात. इतके दिस झाले. बाटला असात तर सगळेच बाटलात. नाय तर कोणच नाय. आता काय ता बोला."

हा हिशेब त्या खात्यात कुणालाच चुकवता येईना. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. शेवटी मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग हसू पसरत गेलं. गंगाधर मात्र हसले नाहीत. ते तोंड फिरवून आपल्या साच्याकडे गेले.

रामभाऊंनी मुद्दाम तात्यांना त्यांच्याच शेजारचा साचा दिला. पहिले काही दिवस गंगाधर एक शब्द बोलले नाहीत. तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही, आपलं कापड पाहिलं. मग एका सकाळी गंगाधरांचे ताणे तुटले, बरेच तुटले. दोन्ही हात सुतात गुंतलेले आणि त्यांच्याकडच्याच दुसऱ्या साच्याची कांडी संपून तो थांबलेला. साचा थांबला की कापड कमी भरतं. त्यांनी एक हात कसाबसा सोडवला, तो धोटा उचलला आणि मान वर न करता शेजारी धरला. शेजारी तात्या होते. साच्यांच्या आवाजात बोलून उपयोग नसतोच. तात्यांनी धोटा घेतला, कांडी बदलली, सूत ओढलं, परत दिला. गंगाधरांनी तो साच्यात टाकला आणि ताणे जोडत राहिले. दुपारी जेवायच्या सुट्टीत त्यांनी आपली तंबाखूची डबी तात्यांपुढे केली, आणि तात्या तंबाखू खात नसतानाही त्यांनी ती खाल्ली, आभार मानले आणि मग मोरीवर जाऊन ओकले.

त्या रात्री आईनं शिरा केला.

हे सगळं आमच्या हक्काचं होतं. कुणी मेहेरबानी केलेली नव्हती, आणि एका सवयीच्या चुकीवर माणसाचा साचा अवलंबून असावा याची मला आजही लाज वाटते. माझी नव्हे, त्या व्यवस्थेची. तरी मी रामभाऊंची ऋणी आहे. थुंकायचं सोपं असताना ते थुंकले नाहीत. मी चिंतामणी सरांची ऋणी आहे, कारण त्यांनी तो धोटा केला नसता तर बुधाजी मर्चंडे साच्याजवळ गेलेच नसते आणि रामभाऊ त्या शेडमध्ये आलेच नसते. कॉलेजच्या अहवालात यशस्वी म्हणून छापलेल्या कितीतरी शोधांचं पुढे काय झालं ते कुणाला माहीत नाही. फसलेल्या धोट्यानं एक माणूस साच्यावर उभा केला. हे अहवालात कुठे लिहायचं असतं मला ठाऊक नाही.

तात्या कायम झाले तेव्हा आपल्या साच्यावरच्या कापडाचा एक तुकडा घेऊन सरांकडे कॉलेजात गेले. मीही बरोबर होते. सरांनी खिडकीशी नेऊन कापड उजेडात धरलं, बोटांनी वीण तपासली आणि फार चांगलं विणलंयस म्हणाले. तात्यांचे डोळे भरले. मग सरांनी विचारलं, "तोंडानंच ओढतोस ना अजून?"

"होय सर."

"नको रे. छाती खराब होते. माझ्याकडे खाचेची नवी रचना तयार आहे, या खेपेला सूत तुटत नाही. मी मॅनेजरशी परत बोलतो. तुला तोंड लावावं लागणार नाही."

तात्यांनी हात जोडले. मला वाटलं, आता नेहमीसारखे आभार मानतील. ते म्हणाले, "सर, द्या तुम्ही धोटा, सगळ्यांच्या छातीला बराय. पण जरा उशिरा द्या. थोडे दिवस मला तोंडानं ओढू द्या."